घड्याळ कुणाच्या बापाचं?

चौदा एप्रिलला गावी गेलो होतो. नंदुरबारला. गोदीतले दोन खाडे करून, सुरतमार्गे, रात्रभर दारात उभा राहून. संध्याकाळी मिरवणूक निघाली. निळ उधळली, पोरं घामानं न्हाली, म्हाताऱ्या बाया बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्त्या घेऊन चालत होत्या. सगळी गल्ली रस्त्यावर. माझा बालमित्र तेवढा नव्हता. शाळेत जयंतीचं पहिलं भाषण ह्यानंच केलं होतं. मिरवणूक संपली, डीजे बंद झाला, पोलिसांची गाडी गेली. पावणेदहाला गडी आला. अंगात कंपनीचं टी-शर्ट, खिशावर कंपनीचं चिन्ह, पाय सुजलेले.

तो मोटारसायकलच्या शोरूममध्ये सेल्समन आहे. त्या दिवशी शोरूमवर फ्लेक्स लावला होता. फ्लेक्सवर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात : जयंती ऑफर. डाऊन पेमेंट कमी, हेल्मेट फुकट. बाबासाहेबांच्या नावानं मालकानं गाड्या विकल्या आणि बाबासाहेबांच्या पोराला मिरवणुकीला सोडलं नाही.

मी म्हणालो, "काय भो, आज तरी लवकर सुटायचं?"

"आज तर सेल व्हता."

"मग आजचा ओव्हरटाइम मांडला का?"

तो हसला. मला वेड्यात काढल्यासारखा हसला. म्हणाला, "ओव्हरटाइम? मन्हं कमिशन शे ना भो."

दोस्तांनो, हा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे. ते वाक्य माझ्या मित्राचं नाही. मालकानं ते त्याच्या तोंडात ठेवलंय. आणि जे वाक्य मालकाच्या तोंडातून निघून कामगाराच्या तोंडात जाऊन बसतं, ते चाबकापेक्षा वाईट. चाबूक निदान दुसऱ्याच्या हातात असतो.

मी कवी आहे असं लोक म्हणतात. त्या रात्री कविता लिहायला बसलो होतो. दोन ओळी झाल्या, फाडून टाकल्या. मग वहीचं मागचं पान काढलं आणि त्याला म्हणालो, बस, हिशोब सांग.

शोरूम उघडतं साडेनऊला. शटर पडतं नऊला. साडेअकरा तास. जेवायला म्हणून एक तास सोडा, तोही गिऱ्हाईक आलं की जातोच. राहिले साडेदहा. आठवड्याचे सहा दिवस म्हणजे 63 तास. रविवारी कुठल्यातरी बाजारात कॅनोपी लावायला पाठवतात, ते धरलेलंच नाही. कायद्याचा आठवडा 48 तासांचा. दर आठवड्याला 15 तास जास्त. 26 दिवसांच्या महिन्यात रोजचे अडीच तास जास्त म्हणजे 65 तास.

पगार 9,000. गाडीमागं कमिशन 500. त्या महिन्यात गाड्या विकल्या 10. कमिशन 5,000. हातात 14,000.

आता कमिशन बाजूला ठेवा. नुसता पगार धरा. 9,000 भागिले 208 तास, म्हणजे तासाला 43 रुपये आणि काही पैसे. त्याच्या दुप्पट साडेशहाऐंशी. गुणिले 65 तास. होतात 5,625 रुपये.

पुन्हा वाचा. नुसत्या उघड्या पगारावरचा त्याचा दुप्पट ओव्हरटाइम होतो 5,625. आणि ज्या कमिशनच्या नावाखाली तो बुडवला, ते कमिशन आहे 5,000. कमिशन देऊन मालकानं त्याला काही दिलं नाही. त्याचाच ओव्हरटाइम कापून, त्याला वेगळं पाकीट करून, वर उपकार म्हणून दिला. आणि सव्वासहाशे रुपये खिशात टाकले. माझा दोस्त बराच वेळ वहीकडं बघत बसला. मग म्हणाला, "पण मग गाड्या विकायचे पैसे कोठे गयात?" तेच तर. गाड्या त्यानं फुकट विकल्या.

कमिशन धरलं तर हिशोब आणखी वर जातो. 14,000 वर तोच ओव्हरटाइम होतो 8,750. म्हणून कमिशन आणि ओव्हरटाइम ह्यांची गाठ पडू नये ह्यासाठी मालक जिवाचा आटापिटा करतो. त्याची लबाडी बघा. किमान वेतनाचा इन्स्पेक्टर येईल अशी धास्ती असली की तो म्हणतो, ह्याला चौदा हजार मिळतात, कमिशन हा पगारच आहे. ओव्हरटाइमचा विषय निघाला की म्हणतो, पगार नऊच हजार, कमिशन हे बक्षीस आहे. एकच नोट. पगार दाखवायचा तेव्हा पगारात, दुप्पट द्यायची तेव्हा बाहेर. गावात आपलंही असंच होतं. मतदानाच्या दिवशी आपण हिंदू, विहिरीवर गेलो की महार.

मोजता येत नाही म्हणे

शहाणी माणसं सांगतात, सेल्समनचं काम तासावर मोजता येत नाही. तो विकतो त्याप्रमाणे कमावतो. तो स्वतःच्या मर्जीचा राजा.

मी गोदीत हमाली करतो, ठेकेदाराच्या टोळीत. आमची पाळी आठ तासांची. पाळी सुटल्यावर माल उरला असला तर मुकादम येतो आणि ओरडतो, "ओटीला कोण थांबतं?" तो पैसे उशिरा देतो, कमी देतो, ते भांडण वेगळं. पण तो विचारतो. त्याला ठाऊक आहे की आठ तासांनंतरचा माणूस नव्यानं विकत घ्यावा लागतो. शोरूमच्या मालकाला हे ठाऊक नाही, कारण त्याला कधी कुणी शिकवलंच नाही.

टोळीतली जुनी माणसं सांगतात, त्यांच्या काळी पाळीला टन ठरलेले असायचे. त्याच्या वर उचलाल त्याचे पैसे वेगळे. म्हणजे कमिशनच की! फक्त ते खांद्यावरचं कमिशन होतं, तोंडावरचं नव्हतं. आणि पाळीच्या वर थांबलं की ओटीचे पैसे त्याहून वेगळे. कुणी म्हणालं नाही की तुला टनाचे पैसे मिळतात, आता घड्याळ विसर.

कायद्यालाही हे गणित येत होतं. 1948 च्या कारखाने कायद्यात कलम 59 मध्ये नगावर काम करणाऱ्याचा ओव्हरटाइम कसा काढायचा ते लिहिलेलं होतं. आधीच्या महिन्यात त्यानं ज्या दिवशी काम केलं त्या दिवसांच्या पूर्ण कमाईची रोजची सरासरी काढायची, तोच त्याचा दर धरायचा, आणि त्याची दुप्पट द्यायची. झालं. चौथीच्या पोराला येईल. शिलाई मशीनवर बसून नगावर सदरे शिवणाऱ्याचा हिशोब होऊ शकतो, तर तोच सदरा काउंटरवर विकणाऱ्याचा का होऊ नये? मोजता येत नाही म्हणणाऱ्याला मोजायचं नसतं. शोरूममध्ये कुठल्या पोरानं महिन्यात किती एन्क्वायऱ्या घेतल्या, किती फोन केले, किती टेस्ट राइड दिल्या, हे मालक रोज रात्री व्हॉट्सॲपवर मागवतो. सगळं मोजतो. तास तेवढा मोजत नाही.

मागचं दार

तरी कायद्यानं मागचं दार उघडं ठेवलंच. कसं ते समजून घ्या, कारण आपली पोरं त्याच दारातून बाहेर फेकली जातात.

मद्रासच्या 1947 च्या दुकाने कायद्यात लिहिलं, ज्यांच्या कामात प्रवास आहे ते आणि कॅनव्हासर ह्यांना हा कायदा लागू नाही. आपल्या महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने कायद्यात भाषा गुळगुळीत झाली. व्यवस्थापनाच्या, देखरेखीच्या, विश्वासाच्या जागेवरचा माणूस बाहेर. आणि ज्याचं काम मुळातच अधूनमधून चालणारं आहे तो बाहेर.

म्हणून आता कुणी सेल्समन राहिला नाही. सगळे झाले सेल्स एक्झिक्युटिव्ह, टीम लीडर, रिलेशनशिप मॅनेजर. माझ्या दोस्ताच्या ओळखपत्रावरही असंच काहीतरी इंग्रजी लिहिलंय. मॅनेजर! ज्याला लघवीला जायला विचारावं लागतं तो मॅनेजर! पगार वाढवण्यापेक्षा हुद्दा वाढवणं स्वस्त पडतं. पण हुद्द्यानं कुणी बाहेर जात नाही, काम काय करतो ते बघावं लागतं, हे कोर्टांनी कितीदा सांगितलंय. आपल्या पोरांच्या कानावर ते आलेलं नाही.

आणि ते 'अधूनमधून'! दुकानात गिऱ्हाईक नसलं की सेल्समन बसलेला असतो, म्हणून त्याचं काम अधूनमधून चालतं म्हणे. बसलेला? ह्यांच्या दुकानात सेल्समनला स्टूल कुठं आहे? वेतन संहितेत ह्या शब्दाचा अर्थ दिलेला आहे, 1948 च्या किमान वेतन कायद्यापासून तोच चालत आलाय. कामाच्या तासांत असे रिकामे वेळ असावे लागतात की ज्यात माणूस ड्यूटीवर आहे पण त्याला ना अंगमेहनत करावी लागते, ना सतत लक्ष ठेवावं लागतं. आणि असं काम कुठलं ते सरकारनं जाहीर करायचं असतं. मालकानं गल्ल्यावर बसून नाही. काचेपलीकडं रस्त्यावर थांबणाऱ्या प्रत्येक माणसाकडं डोळे लावून, ओठ हसरे ठेवून, उभं राहणं म्हणजे लक्ष नाही तर काय आहे?

मागच्या दारापेक्षा मोठं भगदाड दुकानाच्या आकाराचं आहे. 1948 चा मुंबईचा दुकाने कायदा एका नोकराच्या दुकानालाही लागू होता. 2017 च्या कायद्यानं तास, सुट्टी, ओव्हरटाइम हे सगळं दहा किंवा जास्त कामगारांच्या दुकानापुरतं ठेवलं. नंदुरबारच्या बाजारात चक्कर मारा. शहाद्यात मारा, तळोद्यात मारा. कापडाचं दुकान, मोबाइलचं दुकान, बियाण्याचं, खताचं दुकान. नोकर किती? तीन, चार, सहा. एका कायद्यानं सगळा बाजार घड्याळाबाहेर गेला. आणि 2025 च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळानं ठरवलं की दहाचे वीस करा, वीस किंवा जास्त माणसांच्या दुकानात दिवसाचे नऊ तास होते ते दहा करा, आणि ओव्हरटाइमची तिमाहीची मर्यादा 125 तासांची 144 करा. ह्याला नाव दिलं सुलभता. कुणाची सुलभता?

माझ्या दोस्ताचे तिमाहीचे जास्तीचे तास होतात 195. जुन्या मर्यादेत नाही, नव्या मर्यादेतही नाही.

पण मालक जे सांगत नाही ते मी सांगतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यात कामगारांच्या हातून गेलं ते पुष्कळ आहे, त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल. पण वेतन संहितेचं कलम 14 म्हणतं, ज्याचं किमान वेतन वेळेवर ठरलंय असा माणूस ठरल्या दिवसापेक्षा जास्त राबला तर प्रत्येक तासाला कमीत कमी दुप्पट. त्यात दुकान लहान म्हणून सूट नाही. सहा नोकरांच्या दुकानातल्या पोरानंही हे कलम पाठ करावं.

आणि त्याच संहितेतली खोच बघा. 'वेतन' ह्या शब्दाच्या व्याख्येतून कमिशन नाव घेऊन बाहेर काढलंय. ओव्हरटाइम दुप्पट, पण कशाच्या दुप्पट? वेतनाच्या. वेतनात कमिशन नाही. कमिशन, घरभाडं वगैरे बाहेर ठेवलेली बेरीज एकूण कमाईच्या निम्म्याहून जास्त झाली तरच निम्म्यावरचा भाग वेतनात मोडतो. दोस्ताचे 14,000, त्याचे निम्मे 7,000, कमिशन 5,000. म्हणजे एक पैसा आत येत नाही. ज्या दिल्लीत हे शब्द ठरले तिथं ठरवणाऱ्यांपैकी कुणी साडेअकरा तास काउंटरमागं उभं राहिलं होतं काय?

औषधवाले

आता कुणी म्हणेल, हा नंदुरबारचा गावठी प्रकार आहे. शिकलेल्या, टायवाल्या सेल्समनचं असं होत नाही. तर औषध कंपन्यांच्या मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हकडं बघा. बी.एस्सी. झालेला, बॅग घेतलेला, डॉक्टरच्या दारात रात्री दहापर्यंत उभा. पगार अधिक इन्सेन्टिव्ह.

हे लोक लढले म्हणून 1976 साली विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांचा कायदा झाला. सुरुवातीला त्यात महिना 750 रुपये पगाराची मर्यादा घातली होती. कमिशनवाल्याला मर्यादा होती बारा महिन्यांत 9,000, म्हणजे तीच. जरा बरं विकलं की माणूस कायद्याबाहेर. 1987 साली ती मर्यादा गेली. 2011 साली औषधांशिवाय आणखी दहा उद्योग त्यात घातले, त्यात मोटारगाड्याही होत्या. ह्या कायद्यानं नेमणूकपत्र दिलं, रजा दिली. घड्याळ दिलं नाही. कामाचे तास किती, ह्यावर त्यात एक ओळ नव्हती. म्हणून औषधवाल्यांची संघटना पिढ्यान्‌पिढ्या आठ तासांचे नियम मागत राहिली.

मधे 1994 साली सँडोज कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह हा औद्योगिक कलह कायद्यातला 'कामगार' नाही. कारण त्याचं काम ना अंगमेहनतीचं, ना कारकुनी, ना तांत्रिक. मग तो कोण? उन्हात फिरतो, पायाला फोड येतात, टार्गेट चुकलं की नोकरी जाते, तरी कामगार नाही.

अमेरिकेत उलटं झालं आणि तेच झालं. 2012 साली तिथल्या सुप्रीम कोर्टापुढं औषध कंपनीचे दोन प्रतिनिधी गेले. आठवड्याचे चाळीस तास फिरती, वर दहा-वीस तास बाकीची कामं. ते म्हणाले, आम्ही काही विकत नाही, डॉक्टरकडून फक्त शब्द घेतो, आम्हाला दीडपट ओव्हरटाइम द्या. पाच विरुद्ध चार न्यायमूर्तींनी सांगितलं, तुम्ही फिरते विक्रेते आहात, तुम्हाला ओव्हरटाइम नाही. म्हणजे तिथं तो विक्रेता आहे म्हणून बाहेर, इथं तो कामगार नाही म्हणून बाहेर. कुठल्याही दारानं शिरा, बाहेरच निघता. एवढी दारं चुकून होत नाहीत.

आणि अमेरिकेचं मूळ बघा. चाळीस तासांचा, दीडपट ओव्हरटाइमचा त्यांचा कायदा 1938 चा. त्यातून शेतमजूर बाहेर राहिले आणि घरकाम करणाऱ्या बायका बाहेर राहिल्या. काळ्या कामगारांतले बहुसंख्य नेमके ह्याच दोन कामांत होते. दुकानातले नोकर 1961 पर्यंत बहुतेक बाहेरच होते, आणि आत घेतले तेव्हा कमिशनवाल्यांसाठी वेगळी फट ठेवली. निम्म्याहून जास्त कमाई कमिशनची असली आणि तासाचा दर किमान वेतनाच्या दीडपटीवर गेला की ओव्हरटाइम नाही. पँथर हे नाव आपण 1972 साली तिकडूनच आणलं. नाव आणलं, तसं हेही शिकून घ्या. घड्याळ कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे कामावरून ठरत नाही, माणसावरून ठरतं.

नवा सालदार

आमच्या भागात ही गोष्ट नवी नाही. आमच्याकडं तिला सालदार म्हणत. सालाच्या बोलीवर ठेवलेला गडी. वर्षाचा आकडा ठरला की वर्ष मालकाचं. पहाटे गोठा, दिवसा शेत, रात्री पाण्याची पाळी. तास विचारला तर मालक म्हणायचा, तुला साल दिलंय ना? वर धान्य देतो ना? त्यातच सगळं आलं.

शहादा-तळोद्याच्या भिल्ल सालदारांनी आणि मजुरांनी हे 'त्यातच सगळं आलं' मोडायला घेतलं. अंबरसिंग सुरतवंती उभे राहिले. 1972 साली श्रमिक संघटना झाली. तेव्हा हा सगळा मुलूख धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा झाला 1998 ला. त्यांनी जमीन मागितली, मजुरी मागितली, आणि सालदारालाही दिवस असतो आणि दिवसाला शेवट असतो हे मालकांना ऐकवलं.

त्या सालदारांची नातवंडं आज शोरूममध्ये टी-शर्ट घालून उभी आहेत. सालाच्या जागी पगार आला, धान्याच्या जागी कमिशन आलं. वाक्य तेच राहिलं. कमिशन देतो ना? त्यातच सगळं आलं.

आणि आता ते सांगतो जे दोस्तानं रात्री दीड वाजता सांगितलं, दिव्याकडं न बघता.

शोरूममध्ये दोन प्रकारची पोरं आहेत. एसीत, काउंटरवर, महागड्या गाडीच्या गिऱ्हाइकापुढं कोण उभं राहतं, त्यांची आडनावं मी सांगायची गरज नाही. फील्डवर कोण जातं? माझा दोस्त, आणि एक भिल्ल पोरगा. का? कारण त्यांना बोली येते. कारण धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यात त्यांना घरात घेतात. होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजारात ढोल घुमत असतात, पोरं-पोरी नटून येतात, आणि हे दोघं कॅनोपीखाली उभे राहून आपल्याच माणसांना सांगतात, दादा, थोडेच पैसे भर, बाकी हप्त्यानं.

दोस्त म्हणाला, मागच्या साली त्यानं एका पाड्यात गाडी दिली. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला. हप्ते थकले. फायनान्सवाले गाडी उचलून घेऊन गेले. माणसाचं डाऊन पेमेंटही गेलं, भरलेले हप्तेही गेले. दोस्ताला त्या गाडीचे 500 रुपये मिळाले होते. "त्यानी बाई मले पानी देत व्हती भो," तो म्हणाला, "आते मी त्या पाड्यावर जात नही."

हे आहे कमिशन. सावकार स्वतः पाड्यावर जात नाही. तो आपल्यातलाच एक पोरगा पाठवतो, पाचशे रुपये देऊन. पोराला पगार पुरत नाही म्हणून तो विकतो. पगार पुरता दिला असता, आठ तासांचे पैसे धड दिले असते, जास्तीच्या तासाचे दुप्पट दिले असते, तर त्या ऊसतोडवाल्याला तो म्हणू शकला असता, दादा, नको घेऊ, तुला झेपणार नाही. खरं बोलायची ऐपत त्याच्याकडून काढून घेतली. ओव्हरटाइम बुडवला म्हणजे नुसते 5,625 रुपये बुडवले नाहीत. एक माणूस दुसऱ्या माणसाच्या दारात जाण्याजोगा ठेवला नाही.

आपल्यातल्या शहाण्यांना

चळवळीतले काही मित्र म्हणतील, हा आपला प्रश्न नव्हे. आपला प्रश्न अत्याचार, जमीन, आरक्षण. टाय घालून गाड्या विकणारे मध्यमवर्गात गेले.

त्यांना मी एवढंच विचारतो, कामाचे तास हा कुणाचा प्रश्न होता? 7 नोव्हेंबर 1938 ला औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध मुंबईतल्या गिरण्या बंद पाडायला कोण उतरलं होतं? स्वतंत्र मजूर पक्ष आणि त्याचे बाबासाहेब, कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून. मजूरमंत्री म्हणून कारखाने कायद्यातली आठवड्याची 54 तासांची मर्यादा 48 वर आणणारी, जास्तीच्या तासाला दुप्पट लावणारी 1946 ची दुरुस्ती कुणी मांडली? ज्यांचा फोटो त्या शोरूमवर लावला होता त्यांनीच. ज्या माणसानं दुप्पट ओव्हरटाइम कायद्यात आणला, त्याच्या जयंतीला, त्याच्या फोटोखाली, त्याच्या पोराचा ओव्हरटाइम बुडवला. ह्याहून मोठी विटंबना कुठली? पुतळ्याला चपलांचा हार घातला तर आपण शहर बंद करतो. ही विटंबना दर चौदा एप्रिलला सकाळी साडेनऊ ते रात्री नऊ चालू असते, आणि आपण शेजारून नाचत जातो.

मला माहीत आहे, पोरं घाबरतात. भांडलं तर दुसऱ्या दिवशी काढून टाकतील, बाहेर दहाजण उभे आहेत. एकट्यानं भांडायला मी सांगत नाही. पण वही लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून प्रत्येक वस्तीतल्या कार्यकर्त्यानं हे काम हाती घ्यावं.

दुकानात, शोरूममध्ये, फील्डवर असलेल्या आपल्या प्रत्येक पोराला एक वही द्या. रोज शटर कधी उघडलं, कधी पडलं, रविवारी कुठं पाठवलं, तारखेनिशी लिहायचं. रात्रीचे व्हॉट्सॲपचे रिपोर्ट पुसायचे नाहीत. किती वाजता काम चालू होतं त्याचा मालकानं स्वतःच्या हातानं दिलेला तो पुरावा आहे. नेमणूकपत्र मागायचं. नसेल तर पगाराची चिठ्ठी, बँकेची नोंद जपून ठेवायची. महिन्याच्या शेवटी वस्तीत बसून सगळ्यांनी मिळून हिशोब करायचा, जसा मी आणि दोस्तानं केला. आणि दहा वह्या जमल्या की दहाजणांनी मिळून कामगार अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवायच्या. एकट्याची तक्रार केराच्या टोपलीत जाते, दहांची टोपलीत मावत नाही.

आणि मागायचं काय, ते नेमकं मागायचं. दुकान एका नोकराचं असो की शंभराचं, कामाच्या तासांना मर्यादा. ओव्हरटाइमची दुप्पट काढताना कमिशन धरलंच पाहिजे, नगावर काम करणाऱ्याची कमाई कारखान्यात धरत होते तसं. हुद्द्याचं इंग्रजी नाव दाखवून कुणाला बाहेर काढायचं नाही. 'अधूनमधून' हा शब्द सेल्समनला लावायचा नाही. आणि चौदा एप्रिलला सुट्टी. ऑफर नको, फ्लेक्स नको. सुट्टी.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी परत निघालो. दोस्त स्टेशनवर सोडायला आला. साडेनऊला त्याला शोरूम गाठायचं होतं. गाडी सुटता सुटता त्यानं खिशातून वही काढून दाखवली, चाळीस पानी, शाळेच्या पोरांची असते तसली. पहिल्या पानावर तारीख होती आणि खाली एकच ओळ : 14 एप्रिल, सकाळी 9.30 ते रात्री 9.10.

कविता मी अजून लिहिलेली नाही. ती वही भरल्यावर लिहीन.